पाठमोरे गुरुजी

आमच्या शाळेतले एक गुरुजी दुसऱ्याचा तास पाहायला यायचे आणि शिकवणाऱ्याकडे पाठ करून बसायचे. आपलं स्टूल आपणच उचलून आणायचं, फळ्याखाली टेबलाच्या अंगाला ठेवायचं आणि तोंड करायचं पोरांकडे. मागं तुम्ही घसा कोरडा करा नाहीतर डोक्यावर उभे राहा, ते वळून बघत नसत. आपल्याला दिसायची ती त्यांची मान, बारीक कापलेले केस आणि खादीच्या शर्टावर घामानं भिजलेली पाठ. पोरांनी त्यांचं नाव ‘पाठमोरे गुरुजी’ ठेवलं होतं. मग आम्हीही तेच म्हणायला लागलो, आणि त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं.

हिंगणघाटहून अल्लीपूरकडे जाणाऱ्या एस.टी.तून अध्येमध्ये कुठं तरी उतरलं की आमची शाळा यायची. गावाचं नाव सांगून काय करायचं, तशी गावं तुम्ही पाहिलेली आहेत. कौलारू इमारत, पुढं कडुनिंब, आणि घंटा म्हणून दोरीला बांधलेला लोखंडी रुळाचा तुकडा. सत्तरच्या दशकात मी तिथं रुजू झाले तेव्हा अंगात उमेद होती असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या अंगात तेव्हासुद्धा कणकणच असायची. पहाटे उठून दोन लेकरांचं आणि सासूबाईंचं करायचं, नवऱ्याला कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या पाळीचा डबा द्यायचा, एस.टी.त उभं राहायचं, आणि उतरल्यावर दोन इयत्तांच्या पोरांना एकाच खोलीत बसवून दुपारपर्यंत ओरडायचं. त्यात हा माणूस स्टूल घेऊन दारात उभा. पहिल्या दिवशी मला रडू यायचं तेवढं राहिलं होतं.

तास संपल्यावर मी तणतणत विचारलं, “गुरुजी, पाहायचं नव्हतं तर आलात कशाला?”

“पाह्यलं न बाई. सबन तास पाह्यलं.”

“माझ्याकडे तर एकदाही पाहिलं नाही.”

“तुमाले पाहून काय करू जी? मास्तर काय करून राह्यला थे मास्तरले मालूम असते. पोरं काय करून राह्यले, थे त्याले दिसत नाई. फयावर लिवाले पाठ फिरवली का गेला वर्ग हातातून. मी तेवढं सांगाले येतो.”

हे त्यांचं सगळं शिक्षणशास्त्र. यापलीकडे त्यांनी मला कधी व्याख्यान दिलं नाही.

शाळेत त्यांनी एक रीत पाडली होती. कुठल्या परिपत्रकात ती नव्हती, म्हणून टिकली असावी. शनिवारी सकाळची शाळा. ती सुटली की व्हरांड्यात स्टोव्ह पेटायचा. आठवड्यात ज्याचा तास कुणी पाहिला असेल त्यानं चहा करायचा, आणि ज्यानं पाहिला त्यानं चहा पिता पिता एक गोष्ट सांगायची. एकच. दुसरी सांगायला कुणी तोंड उघडलं की गुरुजी हात वर करायचे. “दोन सांगतल्या तं मानूस एकबी घेत नाई,” म्हणायचे. आणि पुढच्या आठवड्यात उलटी पाळी. ज्यानं पाहिलं त्याच्या वर्गात दुसऱ्यानं स्टूल न्यायचं, गुरुजींच्याही. बसायचं मात्र सगळ्यांनी त्यांच्यासारखंच, फळ्याकडे पाठ करून.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. प्रत्यक्षात आम्ही कंटाळलेलो असायचो. शनिवारी घरी जायची घाई, डोक्यावर ऊन, पोटात भूक. वरच्या वर्गांचे गणिताचे मास्तर तर उघड म्हणायचे, “आपला वर्ग आपल्याले पुरून उरते, दुसऱ्याचा कायले पाहाचा?” त्यांना आणखी एक संशय होता. गुरुजी इतकं बघतात ते मोठ्या गुरुजींना, म्हणजे हेडमास्तरांना, आणि तिथून वर साहेबांना कळवत असतील. त्यामुळे गुरुजींचं स्टूल दारात दिसलं की गणिताचे मास्तर पोरांना पाढे म्हणायला लावायचे. पाढ्यात कुणाची काय चूक काढणार?

तो संशय एका तपासणीत फिटला. विस्तार अधिकारी आले होते. त्या दिवशी शाळा कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. सारवलेली जमीन, तक्ते भिंतीवर, हुशार पोरं पुढं आणि पोरांना खाऊ म्हणून वाटायच्या सुकडीची पोती झाकलेली. साहेबांच्या कानावर आमची शनिवारची रीत गेली होती. त्यांनी सगळ्यांसमोर गुरुजींना विचारलं, “तुम्ही सर्वांचे तास पाहता म्हणे. मग सांगा, कोणता शिक्षक कच्चा आहे?”

आम्ही सगळे भिंतीशी उभे. गणिताच्या मास्तरांचा चेहरा उतरला. माझंही काही फार वेगळं नव्हतं, माझ्या तासाला आदल्या आठवड्यातच ते येऊन गेले होते.

गुरुजी हात जोडून म्हणाले, “मले मास्तर दिसलाच नाई साहेब. माही पाठ होती.”

साहेबांना ही थट्टा वाटली की उद्धटपणा, देव जाणे. त्यांनी पुढची फाईल मागितली. त्या शनिवारी गणिताच्या मास्तरांनी आपली पाळी नसताना चहा केला आणि त्यात आलं घातलं.

त्यांनी मला सांगितलेल्या गोष्टींतली एक विसरता येत नाही. माझ्या चौथीत पोलीस पाटलाची मुलगी होती, शकुंतला नावाची. प्रत्येक प्रश्नाला तिचा हात वर. तिच्या शेजारी पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या पाड्यावरची, एक पोर बसायची, मंकू. तिच्या घरची बोली वेगळी, त्यामुळे तिला मराठी समजत नाही असं मी धरून चालले होते. वर्षभर तिला मी उभं केलं नव्हतं. तिला लाजवायला नको म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. गुरुजी तास पाहून गेले आणि शनिवारी चहाचा घोट घेऊन म्हणाले, “शकुंतला हात वर करते, पन आधी वाकडी होते. एक डाव त्या दोघीईले अलग बसवून पाहाजा.”

सोमवारी मी दोघींना लांब बसवलं. शकुंतलेचा हात वर जाईना. मंकूच्या शेजारी आता पाटलाची नाही तर सुताराची मुलगी होती, आणि दहा मिनिटांत सुताराच्या मुलीचा हात वर जायला लागला. मंकू सगळी उत्तरं हळूच शेजारणीला देऊन टाकत होती. आपल्याकडे घरी पिकलेलं शेजारी द्यायचं असतं, तसं. मी फळ्याजवळ उभी राहून हसू की रडू अशी झाले. त्या दिवसापासून मंकूला मी तिच्या जागेवरच, तिच्याजवळ वाकून विचारायला लागले. मोठ्यानं बोलायला तिला आणखी दोन पावसाळे लागले, पण बोलली.

गुरुजी असं काही सांगायचे तेव्हा त्यांच्या आवाजात ‘मला कळलं, तुम्हाला नाही’ हा सूर कधी नसे. शेजारी सांगतो ना, तुमची गाय आमच्या वाडीत आली होती, तितक्या साधेपणानं सांगायचे. त्यामुळे राग धरता येत नसे. मी धरायचा प्रयत्न केला आहे.

त्या वर्षांत मास्तरांना शिकवणं सोडून सगळी कामं होती. माणसं मोजा, गुरं मोजा, मतदार मोजा. कुटुंबनियोजनाच्या केसेस आणा, नाहीतर पगार अडेल. मी बाईमाणूस, दारोदार हिंडून कुणाच्या नवऱ्याला काय सांगणार होते? तशा एका आठवड्यात गुरुजी माझ्या वर्गात बसून गेले. शनिवारी चहा झाला, बाकीचे पांगले, तरी ते काही बोलेनात. मीच म्हटलं, “सांगा की एक गोष्ट.”

“तुमचे पोरं त्या दिवशी जांभया देत होते.”

“ऊन किती आहे गुरुजी.”

“ऊन तं मायाबी वर्गात हाये,” ते म्हणाले. “बाई, मास्तर थकला का नाई, थे पोराईले मास्तरच्या आधी कयते. लपवाच्या भानगडीत नोका पडू. सांगून द्या त्याईले, आज मी थकली, आज तुमी मले गोष्ट सांगा. पोरं मोठे दिलदार असतेत.”

मी तसं केलं. पोरांनी मला गोष्टी सांगितल्या. बहुतेक भुतांच्या होत्या. तो उपाय मी पुढं नोकरी संपेपर्यंत वापरला, आणि अनेकदा वापरावा लागला.

ऐंशीनंतर केव्हा तरी त्यांच्या कानांनी दगा द्यायला सुरुवात केली. आम्हाला आधी कळलं नाही. माणूस कमी बोलायला लागला एवढंच वाटलं. मग ते शनिवारी वाटेल तिथं बसेनासे झाले, नेहमी कुणाच्या तरी डावीकडे बसायचे, म्हणजे उजवा कान बोलणाऱ्याकडे राहील. वर्गात प्रश्न विचारायचे आणि पोरानं ओठ हलवले की “शाब्बास, बस” म्हणायचे. मोठ्या गुरुजींच्या लक्षात आलं होतं. त्यांनी एकदा सुचवून पाहिलं की आता वर्ग सोडा, कार्यालयात बसा, दाखले लिहा, हजेऱ्या जुळवा, निवृत्तीपर्यंत निभून जाईल. गुरुजी कधी नव्हे ते चिडले. “वर्ग गेला तं मायापाशी काय राह्यलं?” म्हणाले. घरात बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा वर्ध्याला नालवाडीत राहायचा. त्यांच्यापाशी खरोखरच दुसरं काही नव्हतं. मोठे गुरुजी भले गृहस्थ, गप्प बसले.

आम्हीही गप्प बसलो. त्यांच्या वर्गात स्टूल न्यायची पाळी ज्याची यायची त्याला नेमकं काही तरी काम निघायचं. गणिताचे मास्तर दोनदा तापानं आजारी पडले. शेवटी गुरुजीच माझ्या दारात आले. हातात स्टूल होतं, आणि ते त्यांनी माझ्यापुढं ठेवलं.

“पाळी चुकवून राह्यले सबन. तुमी या बाई. न मंग खरं सांगजा. तुमी सांगान तसं करीन.”

एवढं ओझं माझ्यावर कुणी टाकलं नव्हतं. नाही म्हणायचीही ताकद हवी असते, ती माझ्यात नव्हती. मी स्टूल उचललं.

त्यांचा तास अपूर्णांकाचा होता. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. मागून त्यांचा तोच आवाज, सावकाश, एकेक शब्द मोकळा. शिकवत होते उत्तमच. पण माझं तोंड पोरांकडे होतं. पुढच्या बाकावरची पोरं चूक उत्तरं देत होती, शाब्बास ऐकून हसत नव्हती, उलट गुरुजींना सांभाळून घेत होती. काहीजण तर नुसते ओठ हलवत होते, आवाजच काढत नव्हते. शाब्बासकी सगळ्यांना सारखीच मिळत होती. मग मागच्या ओळीतली एक किडकिडीत मुलगी उठली. “गुरुजी, चार तं दोनाहून मोठा हाये. मंग पाव अर्ध्याहून लहान काऊन?”

“शाब्बास, बस,” मागून आवाज आला.

ती बसली नाही. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. पुन्हा “शाब्बास.” मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बसली. पाटी मांडीवर पालथी घातली. उरलेला तास ती खिडकीतून बाहेर बघत होती.

शनिवार आला. चहा गुरुजींनी केला, पाळी त्यांचीच होती. कप हातात देऊन ते माझ्या डावीकडे बसले आणि उजवा कान पुढं केला. बाकीचे कपात बघत होते. मी दोन रात्री मनात वाक्यं जुळवली होती, मऊ, हळूवार. आता लक्षात आलं की ही गोष्ट हळू सांगायची होती आणि हळू सांगितली तर ती त्यांच्यापर्यंत पोचणारच नव्हती. मला ओरडावं लागलं.

“गुरुजी, मागच्या ओळीतल्या मुलीनं तुम्हाला प्रश्न विचारला. दोनदा. तुम्ही तिला शाब्बास म्हणालात.”

स्टोव्ह कुणी तरी विझवला.

“काय इचारलं होतं तिनं?”

मी तो प्रश्न जसाच्या तसा, तिच्या शब्दांत, ओरडून सांगितला. सांगताना माझा आवाज फाटला. गुरुजी स्वतःशीच म्हणाले, “इतका चांगला सवाल आला होता, न मी बस मनलं.” त्यांनी कप खाली ठेवला. त्यांना मान गेल्याचं, नामुष्की ओढवल्याचं दुःख दिसत नव्हतं. तो प्रश्न हुकल्याची हळहळ दिसत होती, आणि ती बघणं जास्त कठीण होतं.

सोमवारी ते घरून दोन ज्वारीच्या भाकरी घेऊन आले. त्या मुलीला पुढं बोलावलं. एक भाकर दोघांत मोडली, दुसरी चौघांत मोडली. “जेवाले मानसं जास्त बसले, तं वाटा कसा येन?” विचारलं. ती “लहान” म्हणाली असावी, कारण अख्खा वर्ग ओरडला आणि तो ओरडा आमच्या खोल्यांपर्यंत आला. मग भाकर पोरांनी खाल्ली. मधल्या सुटीत गुरुजी मोठ्या गुरुजींकडे गेले आणि म्हणाले, “द्या तुमचे दाखले.”

त्यानंतरची दोन वर्षं ते कार्यालयात बसले. अक्षर सुरेख, दाखले बिनचूक. पण एक तास रोज ते स्टूल घेऊन कुणाच्या ना कुणाच्या दारात असत. “ऐकू येत नाई, पन डोये तं हायेत,” म्हणायचे. आणि खरंच, त्यांच्या शनिवारच्या गोष्टींत काही फरक पडला नाही. ते पोरांचे आवाज कधी ऐकतच नव्हते बहुतेक, चेहरेच वाचत होते. त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. म्हणजे मला आता तीन इयत्ता.

ते निवृत्त झाले, मुलाकडे नालवाडीला गेले, आणि फार वर्षं जगले नाहीत. बातमी पोचली तेव्हा दहावा होऊन गेला होता. स्टूल शाळेतच राहिलं. नव्या मास्तरांनी त्यावर पाण्याचा माठ ठेवला. शनिवारची रीत हळूहळू मोडली, कुणी मोडली असं नाही, एस.टी.ची वेळ बदलली आणि थांबणं जमेना. पुढं प्रशिक्षणं आली, निरीक्षणाचे छापील तक्ते आले. साहेब येत, मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून खुणा करीत आणि निघून जात. त्यात वाईट काही नव्हतं. मला फक्त पुढ्यातली ती घामानं भिजलेली पाठ आठवायची.

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्याचं. त्या गुरुवारी ते माझ्या वर्गात आले. स्टूल घेऊन आत शिरले आणि नेहमीच्या जागेवर थांबले नाहीत. पोरांच्या मधून वाट काढत मागच्या भिंतीपर्यंत गेले, स्टूल ठेवलं आणि माझ्याकडे तोंड करून बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पोरं वळून वळून त्यांना बघायला लागली. माझ्या हातातला खडू तुटला. मी कसाबसा तास काढला. ते टक लावून माझ्याकडे बघत होते, फळ्याकडे नाही, पोरांकडे नाही. घंटा झाली, ती त्यांना ऐकू आली नाही. पोरं उठली तेव्हा तेही उठले.

शनिवारी पाळी माझी होती. मी स्टोव्हला पंप मारत होते. गुरुजी माझ्या डावीकडे आले, उभेच राहिले. सगळे जवळ सरकले, त्यांची शेवटची गोष्ट ऐकायला.

“आज एकच हाये,” ते म्हणाले. ऐकू येत नसल्यानं त्यांचा आवाज आता मोठा झाला होता, पण त्या दिवशी तो हळू आला. “किती थकल्या जी बाई तुमी.”

नोकरीत इतकी वर्षं पोरांनी फळ्याकडे पाहिलं, साहेबांनी दप्तराकडे पाहिलं, घरच्यांनी घड्याळाकडे. माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, आणि मला ते माहीतही नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी पदरानं पुसायला लागले, घासलेटचा धूर आहे म्हणाले. त्यांना ते ऐकू गेलं नाही.

त्यांनी माझ्या हातातून चहाचं पातेलं काढून घेतलं.

“बसा,” ते म्हणाले. “आज चाय मी करतो.”

मी बसले.